नातीच्या रंगपेटीतला निळा

“एवढं लंगडू नकोस,” मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. “बाथरूममध्ये पडलीयस तू, लढाईवरून आलेली नाहीस.”

“मग किती लंगडू?” बायकोने विचारलं.

“मध्यम.”

ती मध्यम लंगडत खुर्चीपर्यंत गेली आणि बसली. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

मास्तर पस्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या शिट्टीवर म्हणे मैदानातले कावळेसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत बसायचे. अजूनही रोज सकाळी बागेत ते म्हाताऱ्यांचा व्यायामाचा वर्ग घेत. आणि हाच माणूस दोन महिन्यांत तीनदा पडला होता. एकदा दाराच्या पायरीवर, दोनदा बाथरूममध्ये. बागेत कुणाला कळलं असतं तर शिट्टी कायमची खिशात आणि तोंड लपवायला जागा नाही.

तिसऱ्यांदा पडताना आरसा फुटला. लेकीने फोनवर विचारलं, “कसा हो फुटला, बाबा?”

“अगं, तुझी आई पडली,” मास्तर बोलून गेले.

एका वाक्यात बिचारीला पाडून मोकळे झाले. लेकीने लगेच हॉस्पिटलमधून फिजिओथेरपिस्ट पाठवायचं ठरवलं. आता पडायचं नाटक करणं आलं.

बायको उसळेल असं मास्तरांना वाटलं होतं. ती नुसती “बरं” म्हणाली. तशी हल्ली ती जरा मंदच झालीय, असं त्यांचं मत होतं. मंगळवारी नळ चालू ठेवून बादली वाहू दिली, तेव्हा त्यांनी तिला चांगलं झापलंही होतं.

दार उघडायला निघताना तिच्या कोपराजवळचा निळाजांभळा डाग त्यांना दिसला.

“हे काय गं?”

“नातीची रंगपेटी होती ना कपाटात.” तिने बाही खाली ओढली.

“शाबास!” मास्तर म्हणाले. वर्गातल्या मुलालाही त्यांनी इतक्या मनापासून शाबासकी दिली नसेल.

थेरपिस्ट बाई चाळिशीच्या होत्या. कमी बोलायच्या, जास्त बघायच्या. पायपुसणं सरकतं का, पलंगापासून दिव्याचं बटण किती लांब, सगळं पाहून लिहून घेतलं. स्वयंपाकघरात त्या थांबल्या.

“वरच्या फळीवरचे डबे खाली आणलेत. ओट्याशी बसायला स्टूल. छान केलंत, काकू.”

मास्तरांनी हे आत्ताच पाहिलं. तयारी म्हणजे किती तयारी!

मग बाईंनी घड्याळ काढलं. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बायको वळताना भिंत धरून थांबली. मास्तर मनातल्या मनात अंक मोजत होते. बावीस. जरा जास्तच ताणतेय, असं वाटून त्यांनी डोळ्यांनी खूण केली. तिने बघितलंच नाही.

बाईंनी तिची बाही वर केली आणि डागाभोवती हलकेच दाबलं. बोटाला रंग लागला तर! पण नशीब, रंग पक्का वाळला होता.

“दुखतं?”

“थोडं.”

“शेवटचं कधी पडलात?”

“मंगळवारी. हे बागेत गेले होते.”

“किती वेळ पडून होतात?”

“बादली भरून वाहायला लागली, तरी उठता येईना.”

बादलीचा तपशील मास्तरांना फारच आवडला.

“घरात सांगितलंत?”

बायकोने बाही पुन्हा खाली ओढली. “लाज वाटते हो. सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून हे करू नकोस, ते उचलू नकोस. मग आपण उरतो कुठे?”

मास्तरांचे कान तापले. हे तर अगदी त्यांच्या मनातलं. त्यांनी ते कधी तिच्यापाशीही बोलून दाखवलं नव्हतं. आपण पडायचं आणि आपली लाज हिने परक्यासमोर काढून दाखवायची! खरं सांगून टाकावं, असं जिभेवर आलं.

“काका, तुम्ही कधी पडलात?” बाईंनी तेवढ्यात विचारलं.

“मी?” छाती आपोआप पुढे आली. “छे! मी पाडणाऱ्यांतला.”

कुणी हसलं नाही. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि उठल्या. “उद्या माणूस येईल. बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना आधाराचे दांडे बसवू. आणि काकू, एकट्या असताना आंघोळीला जाऊ नका.”

दार बंद झालं. मास्तरांनी सुस्कारा सोडला.

“संपलं एकदाचं नाटक! ऊठ आता.”

ती उठली नाही. “बसते जरा,” म्हणाली.

मास्तर तिच्याशेजारी स्टूल ओढून बसले. जन्मभर हुकूम सोडलेल्या माणसाला माफी मागायची सवय नसते.

“तुझ्या नावावर खपवलं मी सगळं,” ते शेवटी म्हणाले. “लाज वाटते गं. संध्याकाळी लेकीला फोन करून खरं सांगतो. मीच पडलो म्हणून.”

“सांगा,” ती म्हणाली.

“दे हात. तो रंग तरी पुसून टाकतो.”

“राहू द्या हो.”

“राहू द्या कसं? लेक व्हिडिओवर बघेल, घाबरेल उगाच.”

त्यांनी धुतलेला पांढरा रुमाल पाण्यात बुडवून पिळला आणि डागावरून फिरवला. मग थोडा जोर लावला. तिने ओठ घट्ट मिटले. मास्तर उठून साबण घेऊन आले, पुन्हा चोळलं, आणि रुमाल उलगडून उजेडात धरला.

रुमाल पांढरा तो पांढराच होता.