गेजची खांडेनवमी

चूक साहेबांचीच! दाब मोजणाऱ्या नव्या देशी गेजला वर्षभर एकाच दाबाखाली ठेवा, काटा ढळतो का पाहू, असा हुकूम सोडताना त्यांनी पंचांग उघडलं नव्हतं. अंबरनाथच्या कारखान्यात खांडेनवमीला सगळी यंत्रं थांबवून पुजली. बदलापूरच्या मदतनीस धर्मराजला एकट्या गेजचं राबणं बघवेना. झडप उघडून त्यानं दाब सोडला. “दमलास बाबा, आज तू पन इसावा घे,” म्हणत काचेला कुंकू लावलं. दसऱ्यानंतर साहेब कडाडले, “वर्षाची चाचणी मातीत घातली! कामावरून काढा याला!” चाचणी सांभाळणाऱ्या विष्णुपंतांनाही त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती, पण काचेवरचं कुंकू पाहून हसूच फुटलं. “चाचणी मी पुन्हा लावतो, साहेब,” ते म्हणाले. “पण नवमीला तुमची मोटार हार घालून घरी बसली होती, तुम्ही पूजेला घामाघूम पायी आलात. मग या वेड्याचं काय चुकलं? सांगा!”