आधी लिहून बघायचं

आई गेल्यावर तिचा आवाज बाबांच्या जुन्या युनिक्स कॉम्प्युटरच्या एका टेपवरच उरला होता. टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या ड्राइव्हच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कचरा झालेला, म्हणून मशीनला ड्राइव्हच सापडेना. "शाळा सोडलीस, हे तरी धड कर," बाबा म्हणाले. माझं डोकं फिरलं, तरी एकेक ओळ नीट केली. मशीन परत चालू केल्यावर ड्राइव्ह सापडला. पाणी पिऊन आले तर बाबा खुशीत. "दुरुस्तीनंतर आधी लिहून बघायचं, ही आमची ऑफिसातली सवय. टेपवर झकास लिहितोय बघ." ड्राइव्हमध्ये आईचीच टेप होती. नवं लिहिलं की जुनं सगळं जातं, हे त्यांनीच शिकवलेलं. "लाव आता तिचा आवाज," त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बाबा, माझंच काहीतरी चुकलंय. ड्राइव्ह अजून वाचत नाहीये." ते ओरडले नाहीत. "सावकाश कर गं. आई कुठे पळून चाललीये?"