टारोपॅचची पाठ

टारोपॅच म्हणजे युकुलेलेचं आठ तारांचं थोरलं भावंड. मकायोकडे दुरुस्तीला आलेल्या त्या दुर्मीळ वाद्याची पाठ वाळवीने खाल्ली होती. नव्या लाकडाने आवाज बिघडला असता, म्हणून हिलो गावभर शोधाशोध करून त्याने अखेर तितक्याच जुन्या कोआ लाकडाची पाठ बसवली आणि गुडघेदुखीने अंथरुणाला खिळलेल्या आईला, कपेकाला, वाजवून दाखवलं.

कपेका हरखली. "काय गोड बोलतंय रे! इतकं मुरलेलं कोआ मिळालं कुठं?"

"तुझ्या पलंगाखाली."

तिथे तिने स्वतःच्या शवपेटीसाठी फळ्या जपल्या होत्या. रोज चाचपून मगच ती झोपायची.

"अरे, मग माझी पेटी?"

"होईल की. हातभर आखूड, एवढंच."

"आणि माझे पाय?"

मकायो खुंटी पिळत म्हणाला, "गुडघ्यात मुडपू. तेव्हा थोडेच दुखणारेत!"