वळणावरची टकटक

"हाण! अजून जोरात! जॉइंट आहे तो, अंडं नाही!"

हेदवाने डोळे गच्च मिटले आणि हातोडा हाणला. गाडीचं चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकाला चिकटून बसलेला जुना जॉइंट एकदम सुटला. अंगणात घरंगळत गेला आणि रफाएलच्या चपलेला टेकून थांबला.

रफाएल समोरच्या जिन्यातला शेजारी. सकाळपासून खुर्ची टाकून सूर्यफुलाच्या बिया फोडत तो तिथेच बसला होता. बेर्शेबात एवढा फुकटचा तमाशा दुसरीकडे कुठे मिळणार?

"नाथान, पोरीचे हाल बघवत नाहीत रे," तो म्हणाला. "गाडी मला देऊन टाक."

"आज सूर्य मावळून शाबात लागेपर्यंत थांब," हेदवाचे वडील गुरगुरले. "तोवर आवाज गेला तर गाडी माझी. नाही गेला तर चावी तुझी. जबान देतो."

ही जबान चार मजल्यांच्या बाल्कन्यांनी ऐकली. तीन महिन्यांनी हेदवाला सतरा पूर्ण होणार होती आणि मग ती गाडी शिकणार होती. वर्गातल्या अकरा मुलींना तिने मृत समुद्रावर न्यायचं कबूलसुद्धा केलं होतं. गाडीत चौघीच मावतात, ते नंतर बघता आलं असतं.

आवाज महिन्यापूर्वी सुरू झाला. गाडी सरळ चालली की गप्प. वळली की टक् टक् टक्. इस्राएलला येण्याआधी नाथानने परळच्या रेल्वे वर्कशॉपात वीस वर्षं काढली होती. तो रस्त्यावर पालथा पडला, चाकाला कान लावला आणि म्हणाला, "जॉइंट गेला." गेल्या शुक्रवारी बापलेकीने डावा जॉइंट बदलला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वळणावर पुन्हा टक् टक् टक्. म्हणजे उजवाही गेला होता. एवढं तर हेदवालाही कळत होतं.

तिच्या आईने, शुलामितने, मात्र पहिल्याच दिवशी थेट वर अर्ज केला होता. "मी एलियाहू हनाबीला नवस बोललेय. आवाज थांबला की मलिदा करीन. पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं. सगळं साग्रसंगीत."

"एलियाहू हनाबी ग्रीस लावायला येणार आहे का?" नाथानने विचारलं होतं.

"तुम्ही लावून काय झालं?" शुलामितने विचारलं होतं.

आता हेदवाने नव्या जॉइंटमध्ये मूठ मूठ काळं ग्रीस कोंबलं. आतले सहा लोखंडी गोळे जांभळांसारखे चकाकायला लागले. नाथानने जॉइंट शाफ्टवर चढवला, लाकडी ठोकळा धरला आणि घाव घातला. खट्! आतली कडी खाचेत बसली. आता आयुष्यभर हलायची नाही.

"बघ! याला म्हणतात परळचा हात!"

"आबा," हेदवाने हिब्रूत विचारलं, "रबरी बूट कुठाय?"

ग्रीस बाहेर सांडू नये आणि आत वाळू जाऊ नये म्हणून जॉइंटला रबराचा बूट लागतो. तो शाफ्टवर जॉइंटच्या आधी चढवावा लागतो. आधी!

"हे टोपडं शोधताय का?" रफाएलने खुर्चीखालून बूट उचलून दाखवला. "सकाळपासून माझ्याकडेच आहे. मला वाटलं, फारसं गरजेचं नसेल."

सगळ्या बाल्कन्या हसल्या. परळच्या हाताने जॉइंट पुन्हा ठोकून काढला. बूट चढला, जॉइंट बसला, पट्ट्या आवळल्या, चाक लागलं. तोवर हेदवाच्या भुवयांनाही ग्रीस लागलं होतं. शाबातला तासभर उरला होता.

"चला, यल्ला!"

शुलामित नेहमीसारखी पुढच्या सीटवर बसली. हेदवा मागे, रफाएल तिच्या शेजारी. जबानीचा साक्षीदार म्हणून. गाडी सरळ निघाली. आवाज नाही. अकराच्या अकरा मैत्रिणी हेदवाच्या डोळ्यांपुढे समुद्रात डुंबायला लागल्या.

पहिलं वळण आलं.

टक्. टक्. टक्.

नाथानने मुकाट्याने गाडी अंगणात आणली, चावी काढली आणि मागे हात केला. हेदवाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात नेला तर तेही काळं झालं.

"बेसेदर, ठीक आहे," रफाएल चावी घेत म्हणाला. त्यालाही आता थोडं ओशाळल्यासारखं झालं होतं. "घरचं काही सामान असेल तर काढून घ्या." तो खाली उतरला, पुढचं दार उघडून वाकला आणि शुलामितच्या सीटखालून त्याने एक स्टीलचा डबा ओढला. मुंबईहून आलेला, चांगला मोठा, झाकण घट्ट.

डबा कलला.

टक्.

बाल्कन्या थिजल्या. नाथानने डबा हातात घेतला. हळूच डावीकडे वळवला. टक्. उजवीकडे वळवला. टक्. टक्. हेदवाने झाकण उघडलं. आत एक सोललेला, गोल, टणटणीत नारळ होता.

"शुलामित," नाथानचा आवाज फारच मऊ आला. "हे काय?"

"मलिद्याचा नारळ! तेल अविवहून आणवलाय. घरात ठेवला तर तुमची बहीण कढीत घालते."

"कधीपासून आहे इथे?"

"मी बोलले त्या दिवसापासून."

"महिना झाला, बाई! म्हणजे डावा जॉइंट बदलल्यापासून हाच वाजतोय! बाहेर काढायचा नाही?"

शुलामितने डबा हिसकावला, झाकण लावलं आणि होता तिथे, सीटखाली, परत ढकलला.

"कसा काढू? आवाज थांबल्याशिवाय त्याला गाडीतून हलवायचं नाही, असं बोललेय मी!"