उद्याचं पान

माझ्या कॉम्प्युटरवर पंचांगाचं आजचं पान उघडत होतं, कालचंही उघडत होतं. उद्याचं मात्र उघडेना. उद्याचं हवामान, उद्याच्या गाड्या, तिथंही नुसतं चक्र फिरत राही. चूक माझीच असणार, म्हणून मी अमरावतीला लेकीला, अपेक्षाला, फोन केला.

"माह्या फोनवर तं सारं उघडते, बाबा. जुनी हिस्ट्री पुसा."

पुसली. ब्राउझरही नवा टाकला. उद्या काही उघडला नाही.

"राहू द्या, तुमी अजून बिघडवून ठेवसान. मीच येते अकोल्याले."

नको म्हणावंसं वाटलं. पण कारण काय सांगणार?

बडनेऱ्याहून तिचा फोन आला. "गाडीत बसली, बाबा. पण आता माह्याही फोनवर उद्याचं पान उघडून नाही राहिलं."

"उतर!" मी ओरडलो.

फोनमधून गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू आली.