स्कोअर टिकला पाहिजे

सासूबाई आणि सासरे रोज दुपारी पत्ते खेळायचे आणि आजवर कुणी किती डाव जिंकले यावरून कडाकडा भांडायचे. घरात सून सॉफ्टवेअरवाली, म्हणून मी त्यांना स्कोअर ठेवणारं अ‍ॅपच करून दिलं. अ‍ॅप झकास चाललं, पण स्कोअरचा डेटाबेस मी घाईघाईत कंटेनरच्या, म्हणजे अ‍ॅप ज्या डब्यात बसून चालतं त्याच्या, पोटातच ठेवला होता. रोज संध्याकाळी मी काहीतरी सुधारणा करायचे, जुना कंटेनर काढून नवा चालू करायचे आणि जुन्याबरोबर सगळा स्कोअरही गायब व्हायचा.

"अगं, माझे कालचे डाव गेले कुठे?" सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

"गेले तर गेले! चल, आज दाखवतोच तुला," म्हणत सासरे हौसेने पत्ते पिसायला घ्यायचे.

सासूबाईंची ही भुणभुण ऐकून शेवटी मी डेटा कंटेनरच्या बाहेर, वेगळ्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कायमच्या कप्प्यात ठेवला. आता कंटेनर कितीही बदला, स्कोअर जागचा हलणार नव्हता. थोड्याच दिवसांत स्क्रीनवर सासूबाईंचे चौतीस डाव झाले आणि सासऱ्यांचे पाच. तेव्हापासून सासऱ्यांना दुपारी जेवण झालं रे झालं की गाढ झोप लागायला लागली.



आज माझ्या लॅपटॉपशेजारी चहाचा कप ठेवत सासूबाई हळूच म्हणाल्या, "ते पुन्हा पहिल्यासारखं बिघडवून दे गं. नुसता स्कोअर टिकून काय करू, हरायला माणूस नको का टिकायला?"