हिरव्या पट्टीत भिंगरी

मोठ्या बाईंनी लाल पट्टीतून भिंगरीचं कार्ड काढलं आणि तिसरीच्या बाईंच्या हातात दिलं.

"हे तुम्हीच वर लावा. तुमच्या वर्गाचा मान आहे."

शिक्षकांच्या खोलीतल्या त्या भिंतीवर तीन पट्ट्या होत्या. खाली लाल, मध्ये पिवळी, वर हिरवी. शाळेतलं एकेक पोर त्यातल्या कुठल्या ना कुठल्या पट्टीवर टाचणीने लावलेलं होतं. पोर म्हणजे पोराचं कार्ड, पण दर महिन्याच्या बैठकीत एवढा फरक कोण करत बसतं. मुलाला समोर बसवायचं, उतारा द्यायचा, मिनिटभराने घड्याळ वाजलं की थांबवायचं आणि शब्द मोजायचे. भिंगरीचे शाळा सुरू झाली तेव्हा नऊ शब्द झाले होते. आता चौऱ्याहत्तर. जिला एका जागी धड बसवत नाही म्हणून सगळी शाळा भिंगरी म्हणायची, तिचे चौऱ्याहत्तर.

"याला म्हणतात आकड्यांचा उपयोग," मोठ्या बाई म्हणाल्या. "परीक्षा घेऊन पेपर कपाटात कोंबायचे नाहीत. कोण मागे आहे ते बघायचं, तिथे माणूस द्यायचं. मुलं वर आली की ते माणूस दुसरीकडे. तिसरीचं लाल सगळं संपलं, तेव्हा वाचनताई आजपासून दुसरीला."

"चला, भिंत तरी पास झाली," चौथीचे सर मागून म्हणाले. दोघीतिघी हसल्या.

मागे पडलेल्या मुलांना रोज तासभर बाजूला घेऊन बसायची ती ही वाचनताई. आज खरं तर तिने मिरवायचं, पण तिचा चेहरा पार उतरला होता. ती सरकत सरकत तिसरीच्या बाईंजवळ आली.

"बाई, मी सरावालाही तोच उतारा घेत होते," ती पुटपुटली. "परीक्षेचा. बदकाच्या पिल्लाचा."

"तोच? रोज?"

"त्याच्याच ओळींच्या शेवटी शब्दांचे आकडे छापलेत ना. मोजायला सोपं जायचं. माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

बाईंनी हातातल्या कार्डाकडे पाहिलं. म्हणजे पोरीला वाचता येत नव्हतं. पिल्लू पाठ होतं. हे आत्ता, इथे बोलायला हवं होतं. बोललं तर भिंगरीचा ताईकडचा तास चालू राहिला असता. मग बाकीची कार्डंही खाली आली असती, परीक्षा पुन्हा झाल्या असत्या, वाचनताईची चारचौघांत शोभा झाली असती, आणि मोठ्या बाईंनी तर सकाळीच वरच्या साहेबांना आकडे कळवून टाकले होते. हे सगळं बाईंना लख्ख दिसत होतं, पण शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसं. वाईट वाटायला हवं होतं. त्या जरा थांबल्या, वाटतंय का ते बघायला. काही वाटलं नाही.

"जागा सापडेना का?" मोठ्या बाईंनी विचारलं. "तिथे, कोपऱ्यात आहे बघा."

बाईंनी कार्ड हिरव्या पट्टीत लावलं. टाचणी आत जाईना, म्हणून अंगठ्याने दाबली. तोंडदेखल्या टाळ्या झाल्या आणि बैठक संपली.

वर्गात त्या पोचल्या तेव्हा भिंगरी आपली खुर्ची ओढत दाराकडे निघाली होती. ताईच्या तासाला ज्याची खुर्ची त्याने न्यायची, असा नियम होता.

"बाई, ताई अजून आली नाही."

"ताई आता दुसरीला शिकवणार. तुला वाचता येतं आता."

थट्टा चालली आहे का, ते भिंगरीने त्यांच्या तोंडाकडे बघून ताडून घेतलं. "मला?"

"तुला. हिरव्यात लावलंय."

भिंगरी खुर्चीभोवती एक गिरकी मारून आली. तिच्या हातात काहीतरी द्यावं, म्हणून बाईंनी कपाटातून एक पुस्तक काढलं. नवंकोरं होतं, अजून कुणी उघडलंही नव्हतं. वरती चिखलात रुतलेल्या बसचं चित्र.

"हे वाचून दाखव बरं."

भिंगरी खुर्चीत मांडी घालून बसली. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं, श्वास घेतला आणि सुरू झाली.

"बदकाचं पिल्लू आईच्या मागे मागे तळ्यापाशी आलं. पाणी गार होतं. पिल्लाला भीती वाटली."

बोट ओळीखालून सरळ पुढे सरकत होतं. ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होतं. वाक्य संपलं की पोर थांबत होती, पान संपलं तशी तिने पानही उलटलं. कुठे अडखळणं नाही, चाचपडणं नाही. कुणीही कौतुक करावं असं वाचन. पानावर बसचा ड्रायव्हर डोकं खाजवत चाकाकडे बघत होता.

तिला थांबवायचं बाईंच्या जिवावर आलं. त्या ऐकत राहिल्या.

"आईने पाण्यातून हाक मारली. पिल्लाने एक पाय उचलला आणि..."

भिंगरी थांबली. बोट होतं तिथेच राहिलं.

"आणि?" बाईंनी विचारलं. "मग उतरलं का ते पाण्यात?"

भिंगरीला प्रश्नच कळला नाही. तिने बाईंकडे पाहिलं आणि लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं, "पुढे काही नसतं, बाई. इथे घड्याळ वाजतं."